धावणाऱ्या कुत्र्याचं हृदय

मी जनावरांचा डॉक्टर आहे. कोल्हापुरात माझा दवाखाना आहे आणि त्याच्या पाटीवर माझ्या नावाखाली 'कुत्र्या-मांजरांच्या हृदयाची तपासणी होईल' अशी एक ओळ आहे. ती ओळ रंगवून घेतली तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती. तोवरचं आयुष्य म्हशींची अडलेली रेडकं ओढण्यात आणि गोठ्यांत चिखल तुडवण्यात गेलं होतं. त्या कामाला मी कधी कमी लेखलं नाही, पण कंटाळा आला होता. परगावी जाऊन हृदयाच्या सोनोग्राफीचं शिक्षण घेतलं, मशीन आणलं आणि या वयात पुन्हा विद्यार्थी झालो. पडद्यावर जिवंत हृदयाची झडप उघडमीट करताना पहिल्यांदा दिसली, तेव्हा कुणाला सांगावं असं झालं होतं. सांगितलं मात्र कुणालाच नाही. माझी बायको म्हणते, तुमच्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो.

या तपासणीला वेगळं टेबल लागतं. कुत्र्याला कुशीवर निजवायचं, म्हणजे हृदय बरगड्यांच्या जवळ येतं. मग टेबलाला खालून जे भोक असतं त्यातून हात घालून बघायचं. असलं टेबल विकत आणण्यापेक्षा मी ते सुताराकडून करून घेतलं. तो भोक पाडायच्या आधी करवत हातात धरून थांबला आणि म्हणाला, "डाक्टर, चांगल्या सागवानाचं वाटोळं करताय. नक्की टेबलच करायचंय न्हवं? का म्हाताऱ्या माणसाला बसायला करायचंय?"

त्या टेबलावर हळूहळू गर्दी होऊ लागली. इचलकरंजीहून, पेठ वडगावहून, पार निपाणीकडून लोक यायला लागले. तालमीतले एक वस्ताद यायचे. मान खांद्यात रुतलेली, कान कुस्तीनं चुरगळलेले, आणि त्या दांडग्या हाताच्या कोपरात एक म्हातारी पॉमेरेनियन. तिची झडप गळत होती. वस्ताद तिला टेबलावर ठेवायचे आणि मशीन चालू असताना भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. एकदा वनखात्याच्या लोकांनी उसाच्या फडात पकडलेल्या म्हाताऱ्या बिबट्यासाठी मला बोलावलं. भूल दिलेल्या त्या जनावराच्या छातीला मी कान लावला होता. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी एकटाच हसत होतो. एवढं सगळं सांगतोय ते यासाठी, की पुढं जे झालं तेव्हा मी कुठल्या धुंदीत होतो ते कळावं.

जत्रांचे दिवस होते. ऊन चढलं होतं. कागलच्या पलीकडच्या, सीमेलगतच्या एका गावातून एक नवरा-बायको जीपमध्ये मागं कुत्रा घालून आले. नवऱ्याची गावात पिठाची गिरणी. भुवयांवर पीठ बसलेलंच असायचं. बायको पन्नाशीला आलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. कुत्रा मुधोळ जातीचा. लांब पाय, आत ओढलेलं पोट, फासळ्या मोजून घ्याव्यात असा. आदल्या दिवशी जत्रेतल्या शर्यतीत भर दुपारी पळाला होता आणि पळून आल्यावर पाय लटपटून पडला होता.

"दुसरा आला वो डाक्टर," नवरा म्हणाला. "आला आणि बसला. बसला ते आडवाच झाला. डोळं पांढरं. पाणी मारलं, सावलीला घेतलं, तवा उठला. आज बघा, कायबी न्हाय. पण हिच्या जिवाला घोर."

कुत्रा खरोखरच ठीक दिसत होता. टेबलाचा वास घेत होता. भर उन्हात पळाला का, हे मी विचारलं होतं. 'व्हय' हे उत्तरही ऐकलं होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्याकडं मशीन होतं.

पडद्यावर हृदयाचा डावा कप्पा मोठा दिसला. ठोक्यागणिक त्याच्या भिंती जेवढ्या आकसायला हव्यात तेवढ्या आकसत नव्हत्या. कानाला नळी लावली तर प्रत्येक ठोक्याबरोबर एक बारीक फूत्कार ऐकू येत होता. मी सगळी मापं पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहिली. हृदयाचा स्नायू सैल पडून कप्पा फुगण्याचा एक आजार असतो. सगळं त्यात चपखल बसत होतं.

"खायला काय घालता?" मी विचारलं.

"भाकरी-दूध," बायको म्हणाली. "ताकातला भात. सणाला पोळी. आमी लिंगायत वो, आमच्यात दुसरं चालत न्हाय."

मला वाटलं, झालं, कारण सापडलं. हृदयाच्या स्नायूला लागणारा एक घटक मांसातून मिळतो आणि तो कमी पडला तर काही कुत्र्यांत हा आजार होतो, हे मी नुकतंच शिकून आलो होतो. शिकलेलं वापरायची माणसाला घाई असते. मी जे बोललो ते मला शब्दाला शब्द आठवतं. मी म्हणालो, "तुम्ही याला भाकरीवर वाढवलंत, म्हणून याचं हृदय असं झालंय."

तिचा हात कुत्र्याच्या कानावर होता. तो तिथंच थांबला. "अय्यो, मरी," ती म्हणाली. मरी म्हणजे कन्नडात पिल्लू. एवढ्या वाढलेल्या कुत्र्याला ती तेच म्हणायची.

नवऱ्यानं विचारलं, "मग आता?"

मी सांगितलं, पळवायचं नाही. दारात बांधून ठेवायचा, फिरवायचा तो दोरीनं, हळू. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. आणि अंडी. उकडलेली कोंबडी. रोज.

"आमच्या घरात?" नवरा हसायच्या बेतात होता. मी हसलो नाही, म्हणून तोही थांबला.

"घरात न्हाय," ती म्हणाली. "परसात करीन मी."

त्यानंतर नवरा कुत्र्याला घेऊन ठरावीक दिवसांनी येत राहिला. माणूस बोलका, आणि मला ऐकायला आवडायचं, कारण मला स्वतःला बोलावं लागायचं नाही. पहिली अंडी आणायला तो आपल्या गावात न जाता पार निपाणीला गेला होता. "गावात घेतली असती तर संध्याकाळच्या आत समद्या भावकीला कळलं असतं. ज्वारीच्या पिशवीत वर ज्वारी, खाली अंडी. येताना एसटीत एक बाई म्हणती, पावणं, पिशवी खाली ठेवा की, मांडीवर कशाला? काय सांगू तिला?" परसात तीन विटांची चूल मांडली होती, नवीन जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं आणलं होतं. पहिल्या दिवशी कोंबडी शिजायला लागली तेव्हा हा गडी वासानं चिंचेखाली जाऊन ओकला. "मग हीच करती समदं. नाकाला पदर लावून. कुत्र्याला घातलं की पातेलं राखेनं घासायचं, आंघोळ करायची, मग घरात. पावसात बी. जावा म्हणत्यात, काय गं, हॉटेल काढलंस जनू परसात?"

तो हसायचा. मीही हसायचो. कोल्हापुरात वाढलेल्या मला, जिथं रविवारी मटण नसलं तर घरात कुणी आजारी आहे का असं शेजारी विचारतात, ही गोष्ट गमतीचीच वाटली. उकडलेलं अंडं ते काय. एखाद्या बाईनं ते शिजवायचं म्हणजे तिनं काय उचलून बाजूला ठेवलंय, याचा विचार मी केला नाही.

दिवाळीच्या सुमाराला एका शेतकऱ्यानं मुधोळ जातीची कुत्री आणली, पिल्लं बंद करायच्या ऑपरेशनसाठी. ठणठणीत कुत्री. दोनच दिवसांपूर्वी सशामागं पळून कुंपणावरून उडी मारलेली. भूल द्यायच्या आधी हृदय बघून घ्यावं अशी मला सवय लागली होती, म्हणून टेबलावर घेतली. डावा कप्पा मोठा. भिंती कमी आकसणाऱ्या. कानाला नळी लावली, तर तोच बारीक फूत्कार.

नळी काढून मी ती पुन्हा लावली. आवाज तोच. ऑपरेशन नीट झालं, ते हातांनी केलं. दुपारी दार लावून घेतलं आणि पुस्तक काढलं. मी ज्या मापांशी ताडून पाहिलं होतं ती सगळी दुसऱ्या जातींच्या कुत्र्यांवरून काढलेली होती. पळणाऱ्या लांब पायांच्या जातींचा धडा पुढं वेगळा होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की या कुत्र्यांचं हृदय जन्मतःच मोठं असतं, विश्रांतीत ते थोडंच आकसतं कारण त्याला तेवढंच पुरतं, आणि त्यांच्यात असा बारीक आवाज पुष्कळदा निरोगीपणीही ऐकू येतो. तो धडा मी वाचलाच नव्हता. शिकताना वाटलं होतं, असली कुत्री आपल्याकडं कोण आणतंय. जिथं ही कुत्री दर दोन गावांआड दारात बसलेली असतात, त्या मुलखात बसून मला तसं वाटलं होतं.

चूक झाली ती झाली. चूक कुणाचीही होते, हे मी दुसऱ्या डॉक्टरांना नेहमी सांगत आलोय. लिहायचं आहे ते त्याच्या नंतरचं. मी गप्प बसलो. त्याच दिवशी फोन करता आला असता. फोन हातात घेतलाही होता. पण आमच्या कोल्हापुरात सकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर दुधाच्या पेल्याबरोबर बोललेलं दुपारी राजारामपुरीत पोचलेलं असतं. पाटीवरची ओळ माझ्या डोळ्यांपुढं आली. मनाशी म्हणालो, घाई नको, पुढच्या वेळी कुत्रा आणतील तेव्हा पुन्हा नीट बघू, खात्री करू.

पुढच्या वेळी बघितलं. खात्री झाली. हृदय जसं पहिल्या दिवशी होतं तसंच होतं, आणि ते चांगलं होतं. सांगायला तोंड उघडलं आणि वेगळंच बोललो. म्हणालो, "सुधारणा आहे."

नवऱ्याचा चेहरा असा उजळला, की तो शब्द परत घ्यायची वाटच बंद झाली. मग मी एक सोपा मार्ग धरला. दर वेळी गोळ्या थोड्या कमी करायच्या. दर वेळी म्हणायचं, सुधारतोय. काही महिन्यांत गोळ्या बंद होतील, दोरी सुटेल, अंडी बंद होतील, कुत्रा बरा झाला म्हणून सगळे खूश. कुणाचं काहीच बिघडणार नाही. वर बरा केल्याचं नाव मला मिळणार होतं. तो हिशेब मी केला नव्हता असं म्हणालो तर तेही खोटं होईल.

आषाढ लागला. नवरा कुत्र्याला घेऊन आला, हातात सडलेल्या खपली गव्हाची पिशवी. "हिनं दिलीय. डाक्टरांच्या घरी खीर करा म्हणती." मी गोळ्यांचा शेवटचा डोस बंद केल्याचं सांगितलं. हळूहळू अंडी-कोंबडीही थांबवायला हरकत नाही, असं म्हणालो.

"त्येवढं सांगू नका," तो म्हणाला. "ही ऐकायची न्हाय. तिच्या मनानं घेतलंय, आपल्या हातनं बिघडलं आणि अंड्यानं गुण आला. मरी हाय तवर बंद करायचं न्हाय म्हणती. श्रावणाचं बी तसंच."

"श्रावणाचं काय?"

तो जरा घुटमळला. मग सांगितलं. श्रावणातल्या सोमवारी त्यांच्या घरी जंगम जेवायला येतात. अय्या म्हणतात त्यांना, त्यांच्यातले पूजा सांगणारे. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. गेल्या श्रावणात तिनं त्यांना बोलावलं नाही. अय्यांनी नको म्हटलं नव्हतं, त्यांना तर काही माहीतही नव्हतं. तीच म्हणाली, या हातानं ते शिजवायचं आणि याच हातानं अय्यांना वाढायचं, हे माझ्यानं होणार नाही. सोमवारी जावेच्या घरी जेवण झालं. ही तिकडं गेलीसुद्धा नाही, अंगात कसर आहे म्हणून पडून राहिली. "औंदा बी बोलवायचं न्हाय म्हणती. आता कायमचंच."

तो गेल्यावर मी बराच वेळ दवाखान्यात बसलो होतो. गव्हाची पिशवी टेबलावर होती. ती घरी न्यायचं धाडस मला झालं नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्या गावाला गेलो. फोन न करता गेलो, कारण फोन केला असता तर फोनवरच काहीतरी गुळमुळीत बोलून मोकळा झालो असतो. गिरणी बंद होती, वीज नव्हती. नवरा ओट्यावरच बसला होता. "आरं, डाक्टर! या की, या. वाट चुकलासा काय?" कुत्रा दारातल्या कड्याला बांधलेला. त्यानं नुसतं शेपूट हलवलं. जाड झाला होता. माझ्या टेबलावर मी त्याचं वजन करत होतोच, पण त्याच्या दारात तो जाड दिसला.

ती आतून हात पुसत आली. मी म्हणालो, "वहिनी, बसा जरा. तुम्हाला सांगायला आलोय."

ती उंबऱ्यापाशी बसली. मी सरळ बोललो, कारण फिरवून बोलायला गेलो असतो तर परत फिरलो असतो. "याचं हृदय आजारी नव्हतं. या जातीचं हृदय मोठंच असतं. मला ते माहीत असायला हवं होतं, नव्हतं. मी चुकलो. तुमच्या भाकरीनं याला काही झालं नव्हतं."

"चुकलासा म्हंजे?" नवरा म्हणाला. "आता बरा झालाय की."

"बरा झाला नाही. पहिल्यापासून बराच होता."

"मग ती चक्कर?"

"ऊन. भर दुपारी पळवलात त्याला, म्हणून."

नवरा कुत्र्याकडं बघत राहिला. ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "कवा कळलं तुमास्नी?"

या प्रश्नाची मला भीती होती. परवा कळलं म्हणालो असतो तर ते खपलं असतं. तपासायला कोण येणार होतं?

"दिवाळीत," मी म्हणालो.

"दिवाळीत." तिनं तो शब्द पुन्हा उच्चारला. आवाज चढवला नाही. "मग शिवरात त्याच्यानंतर आली की. शिवरातीला बी उकडली मी. माझ्या पोटात पाणी न्हवतं दिवसभर, आणि परसात ते शिजत हुतं. मरीला एक दिवस खाडा पडला तर काय हुईल, म्हणून."

मी मान खाली घातली.

"माझ्या भाकरीनं न्हवतं?"

"नव्हतं."

"खरं सांगताय? का आता दुसरंच कायतरी सांगताय?"

"खरं सांगतोय." आणि हे म्हणताना मला कळत होतं, की माझ्या खऱ्याला आता तिच्या दारात फारशी किंमत उरलेली नाही.

ती उठून आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज येईल असं वाटलं. आला नाही. 

 नवरा उठला, कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडली आणि मोटारसायकल बाहेर काढली. "बसा मागं," मला म्हणाला. "तुमीच बघा. माझा आता इस्वास न्हाय, तुमच्यावर बी आणि माझ्यावर बी."

कालव्याच्या कडेचा मातीचा रस्ता होता, दोन्हीकडं ऊस. ऊन नव्हतं, आभाळ भरून आलं होतं. कुत्रा आधी गाडीच्या चाकापाशी घोटाळला, दोरी कुठं संपते ते त्याला अजून कळत नसावं. मग नवऱ्यानं तोंडानं एक बारीक शीळ घातली आणि तो निघाला. मी मागं बसून मान वळवून बघत होतो. तो पळत होता. पण पुढच्या वळणालाच त्याची चाल मोडली, तोंड उघडं पडलं, तो नुसता दुडकत येऊ लागला. नवऱ्यानं गाडी हळू केली.

"पयल्यासारखं न्हाय," तो पुढं बघूनच म्हणाला.

"इतके दिवस बांधलेला. ताकद गेलीय पायांतली. थोडं थोडं वाढवलंत तर येईल."

"किती येईल?"

"शर्यतीएवढी नाही. वयही झालं आता."

त्यानं गाडी घराकडं वळवली. कुत्र्याच्या आयुष्यात जोमानं पळायची वर्षं किती थोडी असतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. शर्यती मला पहिल्यापासून पटत नाहीत. पण शर्यत सोडाच, त्या कुत्र्याला पहाटे या कालव्यावर नुसतं पळायलाही मी बंदी केली होती. त्यातलं अख्खं एक वर्ष मी एका दारातल्या कड्याला बांधलं आणि ते सोडवून आणायची सोय नाही.

घरापाशी आल्यावर मी मातीतच गुडघे टेकून कुत्र्याच्या छातीला नळी लावली. ठोके जोरात होते, पण सरळ, एका चालीत. बघता बघता ते उतरत गेले. तो बारीक आवाज होताच. तो शेवटपर्यंत राहणार, आणि त्याचं काही वाईट नाही. हे मी नवऱ्याला पुन्हा समजावून सांगितलं, उद्या दुसऱ्या कुणा डॉक्टरनं ऐकलं तर त्यालाही काय सांगायचं ते सांगितलं. मान वर केली तेव्हा ती दारात उभी होती. हातात ते जर्मनचं पातेलं होतं. परसातून आणून तिनं ते ओट्याच्या खाली, रस्त्याच्या कडेला ठेवलं. भंगारवाल्यासाठी.

"आता काय घालू त्येला?"

"पहिल्यासारखंच. भाकरी-दूध, डाळ थोडी जास्त. अंडं घातलं असतं तर वाईट नव्हतं, पण घातलंच पाहिजे असं नाही."

"डाळ." तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "डाक्टर, श्रावणात पयल्या सोमवारी अय्यास्नी बोलावणार मी. त्येंच्यापुढं सांगितल्याबिगर वाढणार न्हाय. पण मी सांगितलं तर जावा म्हणतील, आता आपलं झाकती. तुमी या. भावकी आसंल, अय्या आसतील. समद्यांच्या म्होरं तुमी सांगायचं, कसं झालं आणि कवा कळलं."

मी 'येतो' म्हणालो. एवढंच म्हणालो.

त्या मधल्या दिवसांत मी आणखी दोन घरी फोन केले. त्यांच्याही मुधोळ कुत्र्यांना त्या दिवाळीआधी माझ्याच सांगण्यावरून गोळ्या चालू झाल्या होत्या. एकानं शिव्या दिल्या, शांतपणे ऐकून घेतल्या. दुसरा म्हणाला, "कुत्रं गेलं वो आमचं, गाडीखाली."  घरी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "आणि हे दिवाळीपासून पोटात ठेवून जेवत होता?" मग पुन्हा लाटायला लागली.

सोमवारी गेलो. ओसरीवर पंधरा-वीस माणसं होती. बायका आतल्या दारापाशी. अय्या म्हातारे, पाटावर बसलेले, कुत्रा त्यांच्या पायाशी येऊन पसरलेला, मोकळा. पानं मांडली होती, वाढलं काहीच नव्हतं. ती सैपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती आणि माझ्याकडं बघत होती.

चार माणसांपुढं बोलायची मला कधीच सवय नव्हती. लग्नातही मी नाव घेताना अडखळलो होतो. उभा राहिलो आणि जे होतं ते सांगितलं. माझ्याजवळ मशीन होतं आणि पुरतं ज्ञान नव्हतं. या बाईच्या भाकरीला मी नाव ठेवलं, ते खोटं होतं. माझ्या सांगण्यावरून तिनं परसात चूल मांडली. दिवाळीत मला चूक कळली आणि माझं नाव जाईल म्हणून मी गप्प राहिलो. शिवरातीलाही गप्पच होतो. त्यात तिचा दोष काही नाही.

 अय्यांनी पाण्याचा तांब्या थोडा सरकवला. "चूक तुमची," ते म्हणाले, "आणि धुरात बसली ही. बरं, कुत्रं जगलं?"

"जगलं म्हणजे... ते आजारीच नव्हतं."

"त्येच इचारतोय. जिवंत हाय न्हवं?" त्यांनी पायाशी पसरलेल्या कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. मग दाराकडं बघून म्हणाले, "वाढ गं बाई. पानं वाळाय लागली."

ती वाढायला लागली. आधी अय्यांना. पळीतून भात पानाबाहेर सांडला, तो अय्यांनी बोटानं पानात ओढून घेतला. मग रांगेनं बाकीच्यांना. मधेच मोठी जाऊ दारातून म्हणाली, "डाक्टर, एवढं करा, आमच्या म्हशीला तरी मटण सांगू नका. दूध आटंल घाबरून." सगळी ओसरी हसली. नवराही हसला. मीही हसायचा प्रयत्न केला.

ती हसली नाही. ती माझ्या पानापाशी आली. खपली गव्हाची हुग्गी होती, गुळातली खीर, वर तुपाची धार. तिनं एक पळी वाढली. मी हात आडवा धरून पुरे म्हणालो. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, हात बाजूला व्हायची वाट पाहत तशीच उभी राहिली. मी हात काढला. तिनं दुसरी पळी वाढली आणि न बोलता पुढच्या पानाकडं गेली.

तिनं मला माफ केलं का, ते मला आजही सांगता येणार नाही. तिला तसं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मी खाली बघून पानातलं सगळं खाल्लं, शेवटचा घास होईपर्यंत.